वंशावळ पणजोबांपाशीच अडते? आधी हे तपासा

मराठवाड्यात वंशावळ काढायला बसलेल्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी रुतते. आपण, वडील, आजोबा, फार तर पणजोबा. इथपर्यंतची नावं घरातच मिळतात. त्याच्या वरचा माणूस मात्र कुठंच सापडत नाही. तहसीलला अर्ज टाकला की ‘अभिलेख आढळून येत नाही’ असा शेरा हातात पडतो आणि घरचे म्हणतात, रझाकाराच्या धामधुमीत सगळे कागद जळाले. काही गावांत जळालेही. पण बऱ्याचदा कागद शाबूत असतो आणि आपण तो चुकीच्या नावानं, चुकीच्या सालात किंवा चुकीच्या जिल्ह्यात मागत असतो.

अडण्याचं ठिकाण सगळ्यांचं सारखंच का, याला कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. या बारा वर्षांत दफ्तराची भाषा बदलली, साल मोजायची रीत बदलली, जिल्ह्यांच्या हद्दी हलल्या आणि कितीतरी घरांची आडनावं सरकारी कागदावर पहिल्यांदाच पक्की झाली. माग नेमका या सांध्यात तुटतो.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. २०२३ पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून ‘हैदराबाद गॅझेटमध्ये आमच्या पणजोबांचं नाव बघायचंय’ असं म्हणणारे बरेच भेटतात. गॅझेटिअरमध्ये आणि जुन्या जनगणनेच्या छापील अहवालांत जातवार, तालुकावार आकडे असतात. माणसांची नावं नसतात. आपला माणूस तिथं शोधण्यात दिवस घालवू नका.

नाव सोडा, सर्व्हे नंबर धरा

शोधाचा सर्वांत कच्चा धागा म्हणजे नाव. १९५४ च्या कागदात जो ‘माणिकराव लक्ष्मणराव’ आहे, तोच तीस वर्षं आधी ‘मान्या वल्द लखमा’, म्हणजे लखमाचा मुलगा मान्या, असतो. राव नाही, आडनाव नाही. आडनाव असलंच तर ते आजचंच असेल याची खात्री नाही. एकाच भावकीतला एक भाऊ गावावरून अमुककर झाला, दुसरा पाटीलकीमुळे पाटील राहिला आणि तिसऱ्यानं शाळेत मूळ कुळी लावली, असं घरोघरी दिसतं. जमीन मात्र जागची हलत नाही, म्हणून तिच्या मागून जायचं.

आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. जुन्या कागदांत गट नसतो, सर्व्हे नंबर असतो, आणि पहिली ठेच लागते ती इथंच. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचं पत्रक काढा. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते त्यात कळतं. सर्व्हे नंबर हाती आला की तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून १९५४-५५ चं खासरा पत्रक मागा. मराठवाड्यातल्या शोधाचा हा खरा पाया. त्यात पट्टेदार आणि कब्जेदार असे वेगवेगळे रकाने असतात. पुष्कळ लोक कब्जेदाराच्या रकान्यात आजोबांचं नाव दिसलं की खूश होऊन नक्कल घडी घालून ठेवतात, आणि आपल्याला हवा असलेला माणूस शेजारच्या रकान्यात तसाच राहून जातो. विरासत, म्हणजे वारसाची नोंद, लावायची दगदग नको म्हणून मेलेल्या बापाच्या, कधी आजाच्याही नावावर पट्टा वर्षानुवर्षं तसाच चालत असे. त्यामुळं पट्टेदाराचं नाव एखादी पिढी मागचं असण्याची शक्यता चांगली असते.

त्याच्याही मागं जायचं तर भूमि अभिलेखकडची पक्का बुक, शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर, प्रतिबुक ही मोजणीच्या वेळची कागदपत्रं आहेत. खासऱ्याच्या अलीकडचे वारसाचे फेरफारही वगळू नका. माणूस कधी वारला आणि मागं कोण कोण राहिलं हे एका परिच्छेदात तिथं मिळतं, आणि त्यात घरच्यांच्या बोलण्यात कधीच न आलेला एखादा भाऊ निघतो. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी पोर्टलवर स्कॅन करून टाकलेले आहेत, आपला जिल्हा त्यात असेल तर ते आधी घरबसल्या बघून घ्या.

अर्जात ‘माझ्या पणजोबांचे सर्व अभिलेख मिळावेत’ असं लिहिलंत तर उत्तर नकाराचंच येणार. गाव, सर्व्हे नंबर, रजिस्टरचं नाव, वर्ष, एवढं नेमकं लिहा. रेकॉर्ड रूमचा माणूस बस्ते गावावरून आणि सालावरून काढतो, माणसाच्या नावावरून नाही.

आणि स्वतःच्या शेताचं काहीच मिळालं नाही तर शेजाऱ्याच्या शेताचं मागा. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस तमक्याचं. तुमच्या खापरपणजोबांनी आयुष्यात एक गुंठाही विकला नसेल, पण बांधाला बांध असलेल्यानं विकला असेल, तर त्याच्या खतात ते उत्तरेला उभे असतात. दुय्यम निबंधकाकडची जुनी खतं या एका गोष्टीसाठी चाळण्याजोगी आहेत.

गाव जागिरीतलं असेल तर गोष्ट वेगळी. १९४९ मध्ये जागिरी खालसा होईपर्यंत जागीरदारांची, पायगांची म्हणजे निजामाच्या बड्या सरदारांची आणि निजामाच्या खासगीतली म्हणजे सर्फेखासची गावं दिवाणी, म्हणजे थेट सरकारी, कारभाराच्या बाहेर होती. त्यांचं दफ्तर त्यांच्याच कचेऱ्यांत राहत असे. म्हणून शोध सुरू करतानाच गावातल्या जुन्या माणसाला विचारून घ्या, ‘आपलं गाव दिवाणीतलं का जागिरीतलं?’ जागिरीतलं असेल तर तहसीलमध्ये १९४९ च्या आधीचं काही न मिळणं हे नवल नाही.

विरासतीची फाइल

घरात पाटीलकी, पटवारकी, देशमुखी, काझीपण, देवस्थानाची पूजा, महारकी असं कुठलंही वतन किंवा इनाम होतं का? असेल तर तुमचं काम निम्म्यानं हलकं झालं. निजामाच्या राज्यात वतनदार वारला की त्याच्या वारसाला विरासतीची चौकशी लावून घ्यावी लागे आणि त्यासाठी शजरा, म्हणजे वंशवृक्ष, दाखल करावा लागे. इनाम मंजूर झाल्याचा मुंतखब असतो, त्यातही नावं येतात. हे कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या इनाम शाखेत, छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात किंवा हैदराबादला तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात असण्याचा संभव असतो. एका पानावर पाच-सहा पिढ्या मांडलेल्या दिसल्या की माणूस हरखून जातो.

हरखून जा, पण त्यावर आंधळा विश्वास टाकू नका. शजरा दावेदारानं दिलेला असतो. ज्या चुलत्याशी भांडण आहे त्याची शाखा तो सरळ ‘लावल्द’, म्हणजे निपुत्रिक, म्हणून खुडून टाकतो. फाइलमध्ये विरुद्ध बाजूचा शजराही असतोच, तो काढा. दोन्ही शेजारी ठेवले की कोण कुणाला गाळतंय ते लगेच दिसतं, आणि दोघांत जे जुळतं ते बहुधा खरं असतं.

दत्तकाचंही असंच. ‘वल्द’ पुढचं नाव जन्मदात्याचं असेलच असं नाही. आडनाव, गाव किंवा शेत अचानक बदललेलं दिसलं तर दत्तक किंवा घरजावई, यांपैकी काहीतरी आहे असं धरून चाला.

साल चुकलं की माणूस चुकतो

१३३५ साल लिहिलेला कागद हाती आला की पुष्कळजण मोबाइलवर हिजरी सालाचं रूपांतर करून बघतात. १९१६-१७ येतं. मग पणजोबांच्या बापाचं वय जुळत नाही आणि कागद ‘आपला नव्हे’ म्हणून बाजूला पडतो. महसुलाच्या कागदावरचं साल बहुतेक वेळा फसली असतं. १३३५ फसली म्हणजे ऑक्टोबर १९२५ ते ऑक्टोबर १९२६.

निजामाच्या शेवटच्या काळातलं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. महिने असे: आजुर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. आजुर म्हणजे साधारण ऑक्टोबर आणि आबान म्हणजे सप्टेंबर. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला फसलीत ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढं ५९१. सरसकट ५९० मिळवणारे आबानातल्या मृत्यूला एक वर्ष आधीच मारून टाकतात. १० आबान १३३५ ही तारीख १९२६ च्या सप्टेंबरातली आहे, १९२५ मधली नव्हे. ताळा करायचा तर पोलीस ॲक्शनचं साल घ्या. सप्टेंबर १९४८ म्हणजे १३५७ फसली.

त्याहून जुन्या मोडी कागदांत शक असेल तर ७८ मिळवायचे. शुहूर सन असेल, म्हणजे ‘खमस तिसैन मया व अलफ’ असं अक्षरी लिहिलेलं, तर जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ आणि जानेवारी ते मे मधल्या तारखेला ६०० मिळवायचे. वरचं उदाहरण ११९५ चं आहे, म्हणजे खर्ड्याची लढाई झाली ते १७९४-९५ चं साल.

जन्मतारखांचं काय सांगावं. शाळेच्या प्रवेश निर्गम रजिस्टरात अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं असतं, कारण मास्तरांनी शाळा उघडताना अंदाजे वय टाकलेलं. त्या तारखेवर गणित मांडू नका. त्यापेक्षा म्हाताऱ्यांचं ‘मानमोडीच्या सालात तो पाळण्यात होता’ हे वाक्य भरवशाचं. मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ.

आपला जिल्हा तेव्हा आपला नव्हता

निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होता. म्हणजे लातूरच्या माणसाचा कागद कर्नाटकात आणि नांदेडच्या माणसाचा तेलंगणात असू शकतो. लातूर जिल्हा १९८२ चा, त्याआधी धाराशिव बघा. जालना १९८१ चा, त्याआधी औरंगाबाद. हिंगोली १९९९ चा, त्याआधी परभणी. जुन्या कागदात धाराशिवचा भाग नळदुर्ग जिल्हा म्हणून येतो, अंबाजोगाई मोमिनाबाद म्हणून. नळदुर्ग-धाराशिवकडचा मुलूख १८५३ ते १८६० इंग्रजांकडं होता, हेही ध्यानात असू द्या.

गावाचं नाव हा आणखी एक सापळा. पिंपळगाव, वडगाव, टाकळी, जवळा, बोरगाव ही नावं तालुक्या-तालुक्याला आहेत. खुर्द का बुद्रुक हे न लिहिता केलेला अर्ज वाया जातो. आडनावात असलेलं गाव नकाशावर सापडतच नसेल तर ते बेचिराख मौजा असण्याची शक्यता धरा. महसुली दप्तरात नाव आहे, शिवार आहे, पण वस्ती नाही. जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या गावयादीत अशी ओसाड गावं दिलेली असतात. नाथसागराच्या पाण्याखाली गेलेली गावं आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला दुसरीकडं वसवलेली गावं यांचं जुनं दफ्तर जुन्या शिवाराच्या सर्व्हे नंबरवरच शोधावं लागतं.

कागद मिळाला, पण वाचता येईना

तालुक्याला उर्दू, गावात पटवाऱ्याच्या हातची मोडी, असा तेव्हाचा मामला होता. उर्दूत ळ नाही, ण नाही, ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि घाईच्या लिखाणात नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, गळतात. त्यामुळं काळे हे ‘काले’ होतात आणि नुक्ते गळले की बापूचा बाबू होतो. पुढं कुणीतरी त्याचं मराठी केलं, त्यातही चूक शिरली. म्हणून तुमचं नाव उर्दूत कसकसं लिहिलं जाऊ शकेल याची चार-पाच रूपं आधी लिहून काढा आणि मगच यादी चाळायला बसा.

‘माली पाटील’ असं दिसलं तर ते माळी समाजाचे असं समजू नका. माल म्हणजे महसूल. माली पाटील सारा गोळा करी आणि पोलीस पाटील बंदोबस्त बघे. तसंच, उर्दू कागदातलं ‘कौम’ म्हणजे जात. मोडी कागदात मात्र ‘गंगाबाई कोम रामजी’ म्हणजे रामजीची बायको. या एका शब्दानं बायकोची लेक झालेली आणि नवऱ्याची जात झालेली मी पाहिली आहे. ‘जौजे’ म्हणजेही बायको आणि ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘साकिन’ म्हणजे राहणार.

वाचून देणारा माणूस निवडताना मात्र जपा. त्याला तुम्हाला काय हवंय ते आधी सांगू नका. ‘यात कुणबी लिहिलंय का बघा’ म्हटलं की काहींना ते दिसायला लागतं. नुसती प्रत द्या आणि ‘जे लिहिलंय ते लिहून द्या’ म्हणा. महत्त्वाचा कागद असेल तर दुसऱ्याकडूनही, पहिल्याचं न दाखवता, वाचून घ्या.

एकाच नावाची दोन माणसं एकात मिसळणं ही नेहमीची चूक. नातवाला आज्याचं नाव ठेवायची आपली पद्धत, त्यामुळं राणोजी-बापू-राणोजी-बापू अशी माळ लागते आणि मधली जोडी गळून पडते. कागदांत एखादा माणूस ऐंशी वर्षं शेत करताना दिसला तर ती दोन माणसं आहेत.

दफ्तर संपलं की भावकी

वरचं सगळं झाल्यावर, खरं तर आधीच, गावाकडं जाऊन एक प्रश्न विचारायचा: आपलं सुतक कुणाकुणाला लागतं? कुणाला दहा दिवस, कुणाला तीन, कुणाला नुसती अंघोळ. माणसं नातं विसरतात, पण सुतक पाळायचं विसरत नाहीत. दहा दिवस पाळणारं घर वेगळं आडनाव लावत असलं तरी ते तुमच्याच रक्ताचं समजून त्यांच्या कागदांवर जा. पोळ्याला बैल कुणाच्या मागून कुणाचे जातात, पाटीलकीच्या तक्षिमा म्हणजे वाटे किती, शेताच्या तुकड्याला ‘थोरल्याचं’, ‘मधल्याचं’ असं काही म्हणतात का, यातूनही शाखा कळतात.

भाट येत असेल तर त्याच्या पोथीत तुमची नावं आहेत. दक्षिणेकडं, सोलापूर-कर्नाटकाच्या हद्दीवर, बैलावरून येणारे हेळवी हेच काम करतात. माझं मत विचाराल तर भाटाच्या पोथीतल्या अलीकडच्या पाच-सात पिढ्या मन लावून उतरवून घ्या. त्याच्या वर सगळीच घराणी एखाद्या राजवंशाला जाऊन भिडतात, तो भाग ऐकायला गोड आहे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या जास्त कोरड्या, म्हणून जास्त उपयोगी. पैठण, त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गया. जिथं अस्थी नेल्या, तिथं कोण आलं, कुणासाठी आलं, याची नोंद झालेली असते, कधी पूर्वजाच्या स्वतःच्या सहीनिशी. तिथं मूळ गाव आणि मूळ कुळी सांगायची. सध्या राहता ते शहर सांगून काही निघणार नाही. तुळजापूरला तुमच्या घराचा पुजारी ठरलेला असतो, त्याच्याकडंही विचारा.

जमीन नव्हती अशा घरांना खासरा, शेतवार यांचा उपयोग नाही आणि शोधाचे सगळे सल्ले जमीनवाल्यांसाठीच लिहिलेले असतात. त्यांनी गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही, शाळेचं जनरल रजिस्टर आणि पोलीस ठाण्यातली जुनी गाववार रजिस्टरं यांपासून सुरुवात करावी. पिढ्यान्‌पिढ्या एका मालकाकडं सालगडी असाल तर त्या मालकाच्या घरच्या हिशेबाच्या वह्या बघायला मिळतात का विचारा. बंजारा घरांचा तांडा बहुधा एखाद्या नाईकाच्या नावानं ओळखला जातो, म्हणजे एक पूर्वज पाटीवरच लिहिलेला आहे. त्याच्या मागचं ढाडी, म्हणजे बंजाऱ्यांचे भाट, गाऊन सांगतात, ते रेकॉर्ड करून ठेवा. मुसलमान घरांसाठी काझीच्या दफ्तरातला सियाहा बघा. त्यात निकाहाच्या वेळी नवरा-नवरी दोघांच्या बापांची नावं असतात. दर्गा-मशिदीची खिदमत घरात असेल तर वक्फकडचा मुंतखब.

सियाह्यात नवरीचा बाप सापडतो, बाकीच्या कागदांत बाईचं माहेर जवळपास कधीच सापडत नाही. ती ‘जौजे’ म्हणून येते, ‘बेवा’ म्हणून येते, दत्तक घेताना अंगठा देते, आणि तिचा बाप कोण हे कुणीच लिहीत नाही. ते मामाच्या भावकीत विचारावं लागतं. जुन्या लग्नपत्रिका आणि आहेराच्या वह्या बघाव्या लागतात. ज्या घरांत पार्वणश्राद्ध होतं तिथं आईचा बाप, आजा, पणजा अशी तीन नावं मंत्रात घ्यावी लागतात, म्हणून ती घरात किंवा गुरुजींकडं लिहिलेली असतात. आणि इतर घरांतही पितरपाटात कोणत्या तिथीला कुणाचं पान वाढतात ते ठरलेलं असतं. साल कुणाला ठाऊक नसतं, तिथी मात्र पक्की. विचारायला जायचं तर त्याच पंधरवड्यात जा. तेव्हा म्हातारी माणसं आपण होऊन त्या नावांवर येतात, वहीही ट्रंकेतून बाहेर निघालेली असते, आणि शेजारी बसलेली एखादी आत्या ‘नाही, ती धाकटी, थोरली आधीच गेली होती’ असं म्हणून दुरुस्तीही करून देते.